शालेय नाटकातील पात्रनिवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा उघडून महिना लोटला की शिक्षकांचे आणि स्नेहसंमेलनाची तारीख फळ्यावर लागली की पालकांचे प्रश्न येऊ लागतात. प्रश्नांचे शब्द बदलतात, मूळ तक्रार मात्र बहुधा तीच असते. त्यांपैकी जे सतत विचारले जातात ते येथे साध्याकडून अडचणीच्याकडे अशा क्रमाने घेतले आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. पात्रनिवड न्याय्य झाली असे कधी म्हणायचे? सगळ्यांना सारखे संवाद मिळाले की झाले का?

संवाद मोजून वाटल्याने नाटक उभे राहत नाही आणि मुलांचे समाधानही होत नाही, कारण कोणती भूमिका मोठी आणि कोणती नावापुरती हे त्यांना आपल्याआधी कळते. निवड कोण करणार, कशासाठी करणार आणि काय पाहून करणार हे वाचनाला, म्हणजे भूमिका ठरवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचणीला, येण्यापूर्वी प्रत्येक मुलाला ठाऊक असावे आणि पुढे सर्व काही सांगितल्याप्रमाणेच घडावे, एवढे पाळले गेले तर निवड न्याय्य झाली असे म्हणता येते. मग एकाच्या वाट्याला तीन वाक्ये आणि दुसऱ्याच्या वाट्याला तीन पाने आली तरी चालते. भूमिका न मिळाल्याचे दुःख मुलांना आठवडाभर पुरते. परंतु ‘सरांचं आधीच ठरलं होतं’ हा समज एकदा पसरला की पुढच्या वर्षी निम्मी मुले वाचनालाच येत नाहीत.

२. आधी संहिता निवडावी की आधी मुले पाहावीत?

संहिता आधी निवडावी, मात्र मुले डोळ्यांसमोर ठेवून निवडावी. पात्रनिवडीतील पुष्कळसा अन्याय संहितेच्या निवडीतच झालेला असतो. सहावी-सातवीच्या दोन तुकड्यांसाठी पाच पात्रांची, त्यातही चार पुरुषांची एकांकिका घेतली, तर नंतर कितीही काटेकोरपणे वाचन घेतले तरी मुलींच्या वाट्याला आई आणि शेजारीण एवढेच उरते. एक पात्र सतत रंगमंचावर आणि बाकीचे येऊन-जाऊन असणारे, अशा रचनेचे नाटक शाळेने शक्यतो टाळावे. सूत्रधार, गावकरी, बाजारातील माणसे यांना खरोखर काही काम असलेली संहिता अधिक उपयोगी पडते. आपल्याकडे भारूड, दशावतार, पोवाडा अशा प्रकारांत समूहाला मोठे स्थान आहे. झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे सूर धरणाऱ्या साथीदारांनी, सूर सोडला तर शाहीर एकटा काय करणार?

३. निवड वर्षाच्या कोणत्या सुमारास करावी?

स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत असेल तर वाचन पहिल्या सत्राच्या परीक्षेपूर्वी घ्यावे आणि यादी परीक्षा संपल्यावर लावावी, म्हणजे निकालाचा परिणाम अभ्यासावर होत नाही आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांना संहिता वाचता येते. जुलैमध्येच निवड उरकण्यात एक व्यावहारिक धोका आहे. सातवी ते नववीच्या मुलांचा आवाज याच काळात फुटतो आणि उंचीही झपाट्याने वाढते; जुलैत गोड आवाजात अभंग म्हणणारा मुलगा डिसेंबरात तोच अभंग त्याच पट्टीत म्हणू शकेल याची खात्री देता येत नाही. गाण्याची भूमिका असेल तर हे त्या मुलाला निवडतानाच सांगावे आणि सोबत गाणारा दुसरा आवाज पहिल्या तालमीपासून तयार ठेवावा. आवाज फुटल्यावर भूमिका काढून घेणे हा त्या मुलाला त्याच्या वाढीबद्दल दिलेला दंडच होय.

४. वाचन नेमके कसे घ्यायचे? आमच्याकडे वर्गात ‘कोणाला काम करायचंय?’ असे विचारून हात वर करणाऱ्यांमधून निवडतात.

हात वर करणे हे धिटाईचे मोजमाप आहे आणि धीट मुले बहुधा ठरलेलीच असतात. त्याऐवजी सूचना लेखी लावावी, नावे चिठ्ठीने किंवा वर्गशिक्षकांकडे एकेकट्याने द्यायला सांगावीत आणि वाचनाचा उतारा किमान दोन दिवस आधी सर्वांच्या हाती द्यावा. उतारा सर्वांना एकच असावा. आयत्या वेळी दिलेला कागद घडाघडा वाचणे हे वाचनाचे कौशल्य झाले, अभिनयाचे नव्हे.

माझ्या मते वाचनाच्या दोन फेऱ्या घ्याव्यात आणि खरे लक्ष दुसऱ्या फेरीकडे द्यावे. उदाहरणार्थ, उतारा असा आहे की रेल्वे फलाटावर दोन भावंडे उभी आहेत, गाडी शिरते आहे आणि तिकीट सापडत नाही. पहिल्यांदा मुलांना हवे तसे वाचू द्यावे. दुसऱ्यांदा मोठ्या भावाचे काम करणाऱ्याला बाजूला घेऊन एवढेच सांगावे, ‘तिकीट तुझ्याच खिशात आहे आणि ते तुला माहीत आहे.’ संवाद तेच राहतात. काही मुले पहिल्यासारखेच, फक्त अधिक मोठ्याने वाचतात. एखादी मुलगी मात्र ‘नीट बघ ना पिशवीत’ हे वाक्य म्हणताना आवाज किंचित उतरवते, धाकट्याच्या पिशवीकडे न पाहता गाडीकडे पाहते आणि तिचा हात नकळत खिशावर जातो. पहिल्या फेरीत ती कोणाच्या लक्षातही आली नसेल. तालमीत दिग्दर्शकाला काम करायचे असते ते अशा मुलीबरोबर. क्लासला जाऊन तयार झालेल्या मुलांची पहिली फेरी नेहमीच चांगली होते. दुसऱ्या फेरीत सर्वजण पुष्कळसे एका रेषेत येतात, म्हणून ही पद्धत मला अधिक न्याय्य वाटते.

वाचन सर्वांसमोर घ्यावे की एकेकट्याचे, याबाबत मतभेद आहेत. लहान वर्गांत चार-पाच जणांचे गट करून, इतर मुलांना बाहेर ठेवून घेतल्यास हसण्याची भीती राहत नाही. दाराच्या फटीतून डोकावणाऱ्यांचा बंदोबस्त तेवढा करावा लागतो.

५. निवड एकट्या दिग्दर्शकाने करावी की समितीने? गुण द्यावेत का?

अंतिम निर्णय दिग्दर्शकाचाच असावा, परंतु वाचनाला आणखी दोघे बसलेले असावेत आणि त्यांपैकी एक तरी मुलांना वर्गात न शिकवणारा असावा. तिघांनी आपापसांत बोलण्यापूर्वी स्वतःच्या कागदावर नोंदी कराव्यात, कारण पहिल्याने ‘वा, काय वाचलं!’ म्हटले की बाकीच्यांचे मत त्याच दिशेने झुकते. गुणांचे तक्ते करण्याची मात्र मी शिफारस करत नाही. साडेसात आणि आठ यांत काय फरक होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, पालक मात्र त्याच अर्ध्या गुणावर बोट ठेवतात. ‘ऐकतो चांगले, समोरच्याकडे पाहून बोलतो, शेवटचे शब्द गिळतो’ अशी एक ओळ अधिक उपयोगी असते आणि प्रश्न १४ मध्ये सांगितलेल्या संभाषणासाठी ती हाताशी लागतेच. हे कागद प्रयोग होईपर्यंत जपून ठेवावेत.

६. माझी मुलगी वाचताना अडखळते, पण ऐकलेले सगळे तिला पाठ होते. तिने वाचनाला जावे की नाही?

अवश्य जावे आणि ही गोष्ट आधीच शिक्षकांना सांगावी. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. नाटकाच्या निवडीत तेवढी समज दाखवायला शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. उतारा ध्वनिमुद्रित करून देता येतो, किंवा कोणी वाचून दाखवल्यावर मुलीला तो स्वतःच्या शब्दांत करून दाखवायला सांगता येते. प्रयोगाच्या दिवशी रंगमंचावर कोणाच्याही हातात कागद नसतो, मग निवड कागदावर अडवून ठेवण्यात काय अर्थ आहे?

७. ‘आनी’, ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला मुख्य भूमिका दिली तर प्रेक्षक हसतील, असे मुख्याध्यापक म्हणतात. काय करावे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो केवळ उच्चारांचा नाही. ‘शुद्ध बोलतो’ या निकषाच्या आडून घर कोणते, गाव कोणते, जात कोणती हे सारे निवडीत शिरते आणि निवडणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. परिणाम असा होतो की राजा, न्यायाधीश, डॉक्टर ही कामे त्याच चार घरांतील मुलांकडे जातात आणि अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा कोल्हापूरकडच्या वळणाने बोलणारा मुलगा गडी, हवालदार आणि दारुडा यांतच फिरत राहतो. बोलीचा उपयोग केवळ हशा मिळवण्यासाठी होत असेल, तर त्या मुलाच्या आईला प्रेक्षागृहात बसून काय वाटत असेल याचा विचार करावा.

व्यवहारात दोन गोष्टी कराव्यात. पहिली अशी की नाटकाला प्रमाण मराठीची खरोखर गरज आहे का, ते तपासावे. गावच्या पाटलाने, बाजारातल्या बाईने, अगदी परीकथेतल्या राजानेसुद्धा प्रमाण मराठीतच बोलले पाहिजे असा नियम नाही. त्या मुलाच्या बोलीत राजा बोलू लागला तर बाकीचा दरबारही त्याच बोलीत आणता येतो. दुसरी अशी की गरज असेलच, तर उच्चार हा तालमीत शिकवण्याचा भाग मानावा आणि निवडीच्या निकषांतून तो वगळावा. ‘ण’ आणि ‘ळ’ दोन महिन्यांत बसतात. समोरच्याचे ऐकून घेण्याची सवय दोन महिन्यांत बसेलच असे नाही, म्हणून निवडीत ती पाहावी.

८. राजकन्या गोरीच हवी का? आणि आमच्या शाळेत दरवर्षी अफजलखानाचे काम मुसलमान मुलालाच का देतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. सावळी राजकन्या, बुटका सेनापती, जाड धावपटू यांपैकी काहीही रंगमंचावर खपते. फक्त पहिल्या प्रवेशात इतर पात्रांनी त्याला तसे मानून वागले पाहिजे. राजा राजा दिसतो तो दरबार उठून उभा राहतो म्हणून. रंगभूषेत मुलीला उजळ करण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकांनाही हे शांतपणे सांगावे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मुलाचा धर्म, जात, आडनाव किंवा वस्ती पाहून भूमिका ठरवणे ही निवड नव्हे, आणि ‘तो त्या कामात शोभतो’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. प्रतापगडाच्या प्रसंगानंतर मधल्या सुट्टीत त्या मुलाला काय हाक मारली जाते हे शिक्षकांनी एकदा कान देऊन ऐकावे. शिवाजी महाराजांच्या भूमिकेसाठी कोणत्याही धर्माच्या, जातीच्या मुलाला किंवा मुलीला वाचनाला बसू द्यावे, आणि खलनायकाची भूमिका ज्याच्या घरच्या ओळखीवर डाग म्हणून चिकटणार नाही अशा मुलाकडे ती द्यावी. येथे दिग्दर्शकाने उत्तम अभिनयाचा निकष थोडा बाजूला ठेवला तरी मी त्याला दोष देणार नाही. सावित्रीबाई, बाबासाहेब, शाहू महाराज यांच्यावरील नाटकांतही अमुक समाजाच्या मुलालाच ती भूमिका द्या, किंवा देऊ नका, असा दबाव येतो. त्याला उत्तर एकच : वाचन सर्वांसाठी खुले होते, तारीख लावली होती, नोंदी आहेत.

९. मुलीने पुरुषाचे किंवा मुलाने बाईचे काम केलेले चालते का?

मराठी रंगभूमीवर तरी हा प्रश्न नवा नाही. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांतच कीर्ती मिळवली आणि ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण आधी दिलीप प्रभावळकर यांनी आणि अलीकडे वैभव मांगले यांनी रंगवली. शाळेत अडचण येते ती वेगळीच : बाईचे काम करणाऱ्या मुलाला नंतर चिडवले जाते. म्हणून मुलाची स्वतःची तयारी आहे ना, हे एकांतात विचारावे, भूमिका साडी नेसल्याच्या विनोदापुरती ठेवू नये आणि चिडवणाऱ्यांना पहिल्याच दिवशी थांबवावे. मुलींनी पुरुषभूमिका करण्याला सहसा विरोध होत नाही, त्यामुळे मुलींसाठी संहिता कमी पडत असेल तर हा मार्ग खुशाल वापरावा.

१०. दिग्दर्शन करणाऱ्या बाईंचा मुलगा याच शाळेत आहे. त्याने वाचनाला येऊच नये का?

यावे, आईच्या नोकरीमुळे त्याची संधी जाणे हाही अन्यायच. परंतु तो ज्या भूमिकेसाठी वाचणार असेल त्या भूमिकेचा निर्णय बाईंनी करू नये, उरलेल्या दोघांनी करावा आणि ही व्यवस्था वाचनापूर्वी जाहीर करावी. संस्थाचालकांचे किंवा देणगीदारांचे मूल असेल तेव्हा प्रकरण नाजूक होते, कारण तेथे कोणी काही मागत नाही; ‘आमचा चिन्मय यंदा आहे ना नाटकात?’ असे सहज विचारले जाते, एवढेच. अशा वेळी मुख्याध्यापकांनी पुढे होऊन ‘वाचन अमुक तारखेला आहे, त्याला जरूर पाठवा’ असे उत्तर द्यावे. हे उत्तर देण्याची जबाबदारी कंत्राटावर असलेल्या कलाशिक्षकावर ढकलू नये.

११. दरवर्षी त्याच मुलांना कामे मिळतात. गेल्या वर्षी ज्यांनी केले त्यांना यंदा बाद करावे का?

सरसकट बाद करू नये, कारण नववीपर्यंत शिकत आलेल्या मुलाला दहावीआधीच्या शेवटच्या नाटकात दाराबाहेर ठेवणे योग्य नव्हे. मात्र मुख्य भूमिका लागोपाठ दोन वर्षे एकाच मुलाला मिळणार नाही, असा नियम करता येतो आणि तो वर्षारंभीच सांगावा. अनुभवी मुलांना छोटी परंतु अवघड भूमिका किंवा साहाय्यक दिग्दर्शनाचे काम द्यावे. प्रॉम्प्टिंग (विसरलेले संवाद आडून सांगणे), प्रवेशांची वही ठेवणे, नव्या मुलांबरोबर संवाद पक्के करणे ही कामे त्यांना पुष्कळ शिकवतात. दोन मुले तुल्यबळ वाटली तर ज्याला अद्याप संधी मिळालेली नाही त्याला घ्यावे, हाही निकष आधी लिहून ठेवण्याजोगा आहे.

१२. पण नाटक स्पर्धेसाठी असेल तर? तेथे सर्वोत्तम मुलेच नकोत का?

शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा असो वा आंतरशालेय एकांकिका स्पर्धा, तेथे निकाल लागतो आणि वैयक्तिक अभिनयाला बक्षिसेही असतात. म्हणून निकष कडक असायला हरकत नाही. हरकत आहे ती दोन्ही गोष्टी एकत्र करण्याला. ‘सर्वांना संधी’ म्हणून वाचनाला बोलवायचे आणि निवड मात्र बक्षिसावर नजर ठेवून करायची, यात मुलांची फसवणूक होते. शक्य असेल तर स्नेहसंमेलनाचे आणि स्पर्धेचे नाटक वेगळे ठेवावे. शक्य नसेल तर हे स्पर्धेचे नाटक आहे असे सूचनेतच लिहावे. कडक निकष म्हणजे ७ आणि ८ या प्रश्नांत सांगितलेल्या गोष्टींना सूट, असा मात्र अर्थ नाही. परीक्षकांच्या नावाने जे पूर्वग्रह पुढे केले जातात ते बहुधा आपलेच असतात.

१३. सगळ्या मुलांना घ्यायचे म्हणून संहितेत पात्रे वाढवली, किंवा कलाकारांचे दोन संच केले, तर चालेल का?

दोन संच हा चांगला उपाय आहे, पण तो दिग्दर्शकाचे काम दुप्पट करतो आणि दोन्ही संचांना समान तालमी व समान प्रेक्षक मिळाले तरच न्याय्य ठरतो. एका संचाने पालकांसमोर आणि दुसऱ्याने सकाळी दहा वाजता बालवाडीसमोर प्रयोग करायचा असेल, तर त्याला दुय्यम संच म्हणण्याचे धाडस तरी करावे.

पात्रे वाढवताना लेखकाला विचारावे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार शिक्षणसंस्थेतील विद्यार्थी-शिक्षकांनी संस्थेच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या आणि विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी थेट संबंधित व्यक्तींपुरत्या मर्यादित प्रेक्षकांसमोर झालेल्या प्रयोगाला सवलत आहे. संहितेत हवे ते फेरफार करण्याचा परवाना त्यातून मिळतो असे समजू नये. बाहेरच्या प्रेक्षकांसाठी तिकीट लावून प्रयोग केला तर ही सवलतही उरत नाही. बहुतेक बालनाट्यलेखक पत्र लिहिल्यावर आनंदाने परवानगी देतात. वाढवलेल्या पात्रांना काम मात्र असावे. झाड होऊन चाळीस मिनिटे हात वर धरून उभे राहणे ही भूमिका नसून शिक्षा आहे.

१४. यादी कशी जाहीर करावी?

ज्यांना भूमिका मिळालेली नाही त्यांना यादी लागण्यापूर्वी एकेकट्याने भेटावे. प्रत्येकी दोन मिनिटे पुरतात. वाचनातील एक चांगली गोष्ट, एक राहिलेली गोष्ट आणि आता कोणते काम करायला मिळू शकेल, एवढेच बोलावे. ‘तू चांगलंच केलंस, पण...’ अशा गोलगोल वाक्यांनी मुलांचे समाधान होत नाही. ‘तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नव्हता’ हे ते ऐकून घेतात. मुलांची संख्या फार असेल तर निदान दुसऱ्या फेरीपर्यंत आलेल्यांना तरी भेटावे आणि बाकीच्यांना लेखी ओळ द्यावी.

नंतर यादी शाळेच्या फळ्यावर लावावी. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ती आधी टाकू नये, कारण मग मुलाला निकाल आईच्या चेहऱ्यावरून कळतो आणि रात्री अकरापर्यंत गटावर चर्चा चालते. यादीत भूमिका आणि नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा यांची कामे एकत्रच, मुलांच्या नावांच्या अकारविल्हे क्रमाने द्यावीत. ‘इतर’ असा मथळा कोठेही नसावा.

१५. वेशभूषेचे भाडे आम्हाला परवडत नाही म्हणून मुलाने चांगली भूमिका नाकारली. शाळेने हे विचारात घ्यायला नको का?

घ्यायलाच हवे, तेही निवडीपूर्वी. भरजरी पोशाख भाड्याने आणायचे असतील तर तो खर्च सर्वांत वाटून, शाळेच्या निधीतून किंवा पालक-शिक्षक संघाकडून करावा. ‘ज्याची भूमिका त्याचा खर्च’ ही पद्धत म्हणजे मुख्य भूमिकांचा लिलाव होतो. बऱ्याचदा जुन्या साड्या, ओढण्या आणि पुठ्ठ्याचे दागिने यांवर अधिक चांगले काम होते. तालमीच्या वेळेबाबतही तेच. शाळा सुटल्यावर दोन तास थांबावे लागले तर शेवटची एसटी चुकणारी मुले, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली आणि संध्याकाळी दुकानावर बसणारी मुले आपोआप गळतात आणि आपण म्हणतो, त्यांना रसच नाही. मधली सुट्टी, शनिवारची अर्धी शाळा, कार्यानुभवाचे तास अशा वेळा शोधाव्यात आणि मुख्य पात्रांखेरीज इतरांना त्यांच्या प्रवेशापुरतेच बोलवावे.

१६. चाकाच्या खुर्चीवरील किंवा कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याला कोणती भूमिका द्यावी?

ज्या भूमिकेसाठी त्याने वाचले आणि जी त्याला जमली ती. अपंग पात्रासाठीच त्याला राखून ठेवणे आणि दयेपोटी एक मिनिट समोर आणणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शैक्षणिक संस्थांनी अशा विद्यार्थ्यांना खेळ व मनोरंजनाच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायच्या आहेत. तेव्हा रंगमंचावर जायला उताराची फळी नाही, हे कारण निवड नाकारायला पुरत नाही, फळी करून घ्यावी. कमी ऐकू येत असेल तर एंट्रीची खूण आवाजाऐवजी दिव्याने किंवा विंगेतील हाताने द्यावी. याचे नियोजन पहिल्या तालमीपासून सर्व मुलांसमोर करावे, म्हणजे तो अपवाद वाटत नाही.

१७. मुलगा तालमीला दांड्या मारतो. भूमिका काढून घेता येते का? चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून काढली तर?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तालमीची उपस्थिती हा नाटकाशी थेट संबंधित नियम आहे. किती गैरहजेरी चालेल हे आधी सांगितले असेल, पालकांना एकदा कळवले असेल आणि कारण समजून घेतले असेल, तर भूमिका बदलता येते. कारण प्रश्न १५ मधल्यासारखे निघाले तर आधी तालमीची वेळ बदलून पाहावी. गुण कमी पडले, गणवेश घातला नाही, वर्गात गडबड केली म्हणून भूमिका काढणे ही शिक्षा झाली, आणि ती मिळते अशा गोष्टीची, जी कदाचित त्या मुलाला शाळेशी बांधून ठेवणारी एकमेव असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. चारचौघांत ‘तुझं काम काढून घेतोय’ असे सुनावणे त्या मर्यादेच्या किती जवळ जाते, ते शिक्षकांनी स्वतःच ठरवावे.

१८. निवड झाल्यावर पालक भांडायला येतात. निर्णय बदलावा का?

प्रक्रियेत चूक झाली असेल तर बदलावा : सूचना एका तुकडीत वाचलीच गेली नाही, आजारी मुलाला नंतर संधी देतो म्हणून दिली नाही, वगैरे. अशा वेळी त्या मुलाचे वाचन घेऊन मगच काय ते ठरवावे आणि गरज पडल्यास संच वाढवावा. ज्याला भूमिका दिली आहे त्याच्याकडून ती काढू नये. ‘माझी मुलगी तिच्यापेक्षा चांगली आहे’ या मुद्द्यावर चर्चा करू नये. पालकांना त्यांच्या मुलीच्या नोंदी दाखवाव्यात, दुसऱ्या मुलीच्या दाखवू नयेत. पुष्कळदा मुलगी नेपथ्याच्या कामात रमलेली असते आणि भांडण आईचे असते, म्हणून मुलीला काय हवे आहे हे तिला स्वतंत्रपणे विचारावे.

१९. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट अठरा आहे. आम्ही काय निवडणार?

आपल्याकडे निवड करण्यापेक्षा वाटणी करावी लागते. सर्वजण नाटकात येणारच असल्याने सुरुवातीचे दोन आठवडे भूमिका न ठरवता सर्वांना सर्व पात्रे करू द्यावीत, मग कोणते काम कोणाला आवडते हे मुलांकडूनच मागावे. आश्चर्य वाटेल इतकी जुळवाजुळव ती आपली आपणच करतात. एकाच भूमिकेवर दोघे अडून बसले तर ती दोन प्रवेशांत विभागावी. फेटा एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेला की प्रेक्षकांना पात्र कळते.

२०. आम्ही परदेशात रविवारची मराठी शाळा चालवतो. चांगले मराठी बोलणाऱ्या दोन-तीन मुलांनाच सगळे संवाद द्यावे लागतात. हे टाळता येईल का?

टाळायलाच हवे, कारण ज्यांना मराठीची अधिक गरज आहे तीच मुले अशाने गप्प राहतात. गणेशोत्सवातील प्रयोगाला आलेले आजी-आजोबा उच्चारांवर हसतील ही भीती प्रश्न ७ मधील भीतीच आहे, फक्त दिशा उलटी. लहान वाक्ये, पुन्हा पुन्हा येणारे पालुपद आणि गाणी असलेली संहिता घ्यावी. परदेशातून गावी आलेले नातवंड असे एखादे पात्र असेल तर त्या उच्चारांना नाटकातच जागा मिळते, पण तो उपाय एकदाच वापरावा.

२१. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मुख्य भूमिकेतील मुलगी तापाने आजारी पडली. तिच्या जागी कोणाला उभे करावे?

बदली कोण करणार हे पहिल्या महिन्यातच ठरलेले असावे आणि त्या मुलीने निदान दोन पूर्ण तालमी त्या भूमिकेत केलेल्या असाव्यात; अन्यथा आयत्या वेळी पुन्हा ‘पाठांतर चांगले असलेली’ तीच नेहमीची मुलगी उभी केली जाते. बदली मुलीची मूळ छोटी भूमिका कोण करणार, याचीही साखळी लिहून ठेवावी. तयारी नसेलच तर सूत्रधाराने प्रेक्षकांना सरळ सांगावे आणि बदली मुलीने संहिता हातात घेऊन काम करावे, शाळेच्या प्रेक्षकांना ते चालते. आजारी मुलीला मात्र तापात गोळी देऊन उभे करू नये, तिने आणि तिच्या घरच्यांनी आग्रह धरला तरीही. प्रयोगाचे चित्रीकरण होत असेल आणि शाळेला शक्य असेल, तर ती बरी झाल्यावर वर्गात, वेशभूषेसह, तिचा एक प्रवेश करून घ्यावा.